एचबीएवनसी ६.९, पण वहीत ६२ आणि २९४: हृदयरुग्णाने कोणता आकडा धरायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६९ वर्षांचे, ३ वर्षांपूर्वी हार्ट अटॅक येऊन दोन स्टेंट बसलेले. मधुमेह १८ वर्षांपासून. सकाळ-संध्याकाळ ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज एकत्र असलेली गोळी, झोपताना १६ युनिट इन्सुलिन, शिवाय मेटोप्रोलॉल, स्टॅटिन आणि अ‍ॅस्पिरिन. एचबीएवनसी, म्हणजे मागच्या २-३ महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी चाचणी, ६.९ आल्यामुळे सगळे खूश. पण मुलीने ३ आठवडे घरच्या ग्लुकोमीटरवर मोजून वही ठेवली, तर एका दिवशी पहाटे ५ ला ६२ आणि त्याच दिवशी नाश्त्यानंतर २९४. आई म्हणते, कधीकधी पहाटे बाबांचा बनियन भिजलेला असतो. मुलीचा सवाल: "ही वर-खाली हृदयाला घातक आहे, की सरासरी चांगली म्हणजे झालं?"

आधी माझं मत सांगतो, कारणं मागून. एचबीएवनसी खोटं बोलत नाही, पण तुमच्या वडिलांबद्दल वही जास्त सांगते. आणि त्या वहीत मला २९४ पेक्षा ६२ जास्त खुपतो. बहुतेक घरांत उलटं चालतं. २९४ दिसला की जेवणातून भात बंद, घरात अबोला, डॉक्टरांना फोन. ६२ दिसला की "वा, आज शुगर मस्त आली!" हृदयाचा आजार नसलेल्या तरुण माणसाच्या बाबतीतही हे बरोबर नाही. स्टेंट असलेल्या माणसाच्या बाबतीत तर हा हिशेब पूर्ण उलटाच धरायचा.

एचबीएवनसी म्हणजे तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे त्याचं प्रमाण. या पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून ती चाचणी मागच्या २-३ महिन्यांचा गोळाबेरीज आकडा देते. ६.९ म्हणजे सरासरी १५१ च्या आसपास. आता ही १५१ दिवसभर १२० ते १८० मध्ये राहूनही येते आणि ६२ ला बुडी मारून २९४ ला उडी घेऊनही येते. कागदावर दोघांना सारखेच गुण. शिवाय लोह कमी असेल तर हा आकडा खोटा वाढतो. रक्तस्राव झाला असेल, रक्त चढवलं असेल किंवा किडनीच्या आजारात रक्तवाढीची इंजेक्शनं चालू असतील तर खोटा कमी येतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर असलेल्या माणसाच्या पोटातून थोडंथोडं रक्त जात असणं काही दुर्मीळ नाही. म्हणून एचबीएवनसीच्या शेजारी हिमोग्लोबिनचा आकडा पाहिल्याशिवाय मी मत देत नाही.

शुगर लो झाली की हृदयात काय होतं? आकडा ७० च्या खाली जाऊ लागला की शरीर त्याला संकट समजतं आणि अ‍ॅड्रिनलिन सोडतं. नाडी पळते, हृदयाला जास्त रक्त लागतं, पण अरुंद झालेली धमनी ते पुरवू शकत नाही. रक्तातल्या प्लेटलेट चिकट होतात. पोटॅशियम रक्तातून पेशींत शिरतं, ईसीजीवरचा क्यूटी नावाचा टप्पा लांबतो आणि ठोके बिघडायला रान मोकळं होतं. रात्रीची गोष्ट आणखी वेगळी. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या डॉक्टरांनी मधुमेह आणि हृदयाचा धोका दोन्ही असलेल्या रुग्णांना साखरेचा सेन्सर आणि होल्टर (सतत ईसीजी टिपणारं छोटं यंत्र) एकाच वेळी लावून पाहिलं. २०१४ मध्ये त्यांनी मांडलं, की झोपेत साखर उतरली की नाडी पळण्याऐवजी बऱ्याचदा मंदावते आणि अधलेमधले चुकार ठोके वाढतात. रुग्ण झोपेतच असतो. त्याला काही कळत नाही.

तुमच्या वडिलांना तर दिवसाही कळणार नाही अशी शक्यता आहे, कारण मेटोप्रोलॉल. हातपाय थरथरणं, छातीत धडधडणं या लो शुगरच्या नेहमीच्या खुणा ही गोळी झाकून टाकते. घाम मात्र ती झाकत नाही. म्हणून आईने पाहिलेला ओला बनियन ही माझ्या दृष्टीने सगळ्या रिपोर्टांपेक्षा मोठी माहिती आहे. (मेटोप्रोलॉल बंद करायची असा याचा अर्थ मुळीच नाही. अटॅकनंतर ती का दिली आहे हे कार्डिऑलॉजिस्ट जाणतात.)

आता वरच्या टोकाकडे. २९४ निरुपद्रवी आहे असं मी म्हणत नाही. फ्रान्समध्ये मोनिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये टाइप २ च्या २१ रुग्णांवर केलेला छोटासा अभ्यास प्रसिद्ध आहे. साखरेची सरासरी आणि साखरेचे हेलकावे यांपैकी कशाने पेशींवरचा ताण जास्त वाढतो, हे त्यांनी लघवीतल्या एका रसायनावरून मोजलं. हेलकाव्यांचं पारडं जड निघालं. प्रयोगशाळेतही रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींना सतत जास्त साखरेत ठेवण्यापेक्षा वर-खाली होणाऱ्या साखरेत ठेवलं तर त्या जास्त खराब होतात असं दिसलं. यावरून अनेकांनी निष्कर्ष काढला, की हेलकावे सपाट करा, हृदय वाचेल.

ते इतकं सरळ निघालं नाही, आणि हा भाग औषध कंपन्यांच्या पत्रकांत सहसा नसतो. हार्ट-टू-डी नावाच्या चाचणीत नुकताच अटॅक येऊन गेलेले १,११५ मधुमेही घेतले. निम्म्यांना जेवणाआधीचं इन्सुलिन देऊन जेवणानंतरची उसळी दाबली, निम्म्यांना संथ चालणारं इन्सुलिन दिलं. २००९ मध्ये निकाल आला: अटॅक, मृत्यू यांत फरक नाही. चीनमध्ये एस नावाच्या चाचणीत हृदयविकार असलेल्या आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभ्या ६,५२२ लोकांना अ‍ॅकार्बोज दिलं. ते व्होग्लिबोजचं भावंडच, जेवणानंतरची साखर हळू चढवणारं. २०१७ चा निकाल: नव्याने मधुमेह होणं कमी झालं, हृदयाच्या घटना कमी झाल्या नाहीत. म्हणजे फक्त उसळी दाबून हृदय वाचतं याचा पुरावा अजून हाती नाही.

आणि साखर जबरदस्तीने खाली रेटण्याचा धडा तर आम्ही २००८ मध्येच घेतला. अमेरिका आणि कॅनडातल्या अकॉर्ड चाचणीत १०,२५१ मधुमेही होते. सुमारे एक तृतीयांश लोकांना आधीच हृदयविकार वा पक्षाघात होऊन गेलेला, बाकीच्यांना त्याचा मोठा धोका. अर्ध्यांचं एचबीएवनसी ६ च्या खाली नेण्याचा चंग बांधला, उरलेल्यांचं ७ ते ७.९ मध्ये ठेवलं. सरासरी साडेतीन वर्षांत कडक गटात २५७ मृत्यू, सैल गटात २०३. कडक उपचार मुदतीआधीच थांबवावे लागले. मी तेव्हा उमेदीत होतो. "जितकं कमी तितकं चांगलं" हे रुग्णांना ठासून सांगत असे, ते त्या वर्षी गिळावं लागलं. नंतरच्या विश्लेषणात एक गंमत निघाली. जास्त धोका होता तो ज्यांची साखर सहज उतरली त्यांना नव्हे, तर एकामागून एक औषध वाढवूनही जी उतरेना त्यांना.

तेव्हा हेलकावे हा आजार आहे की आजाराची खूण? माझ्या अनुभवात दोन्ही, पण खुणेचा वाटा लोकांना वाटतो त्याहून बराच मोठा. अ‍ॅडव्हान्स या दुसऱ्या मोठ्या चाचणीत ज्यांना गंभीर लो झाला त्यांच्यात पुढे अटॅक आणि मृत्यू जास्त दिसले. पण त्यांच्यात त्वचेचे, श्वसनाचे, पचनाचे आजारही जास्त दिसले. लो शुगरने त्वचेचे आजार कसे होतील? म्हणजे ती माणसंच आतून कमजोर झालेली होती आणि लो शुगर त्याची पहिली चिठ्ठी होती. माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक यायचे. वर्षानुवर्षं शुगर २०० च्या घरात, आणि एकदा पेढे घेऊनच आले, म्हणाले, "डॉक्टर, दोन महिने झाले, १०० च्या आत!" औषध तेच, जेवण तेच. मला पेढा गोड लागला नाही. क्रिअ‍ॅटिनिन, म्हणजे किडनीचं काम सांगणारी रक्ततपासणी, काढलं तर दुपटीवर गेलेलं. किडनी मंदावली की इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड शरीरात रेंगाळतात. साखर "सुधारते" ती अशी. तुमच्या वडिलांची शेवटची क्रिअ‍ॅटिनिन आणि ईजीएफआर कधी झाली होती, ते आजच फाइलीत शोधा.

आता वहीकडे वळतो. पहाटे ६२ आणि नाश्त्यानंतर २९४, हे दोन आकडे वेगळे नाहीत, एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत. संध्याकाळची ग्लिमेपिराइड आणि झोपतानाचं इन्सुलिन, दोघंही रात्रपाळीला, आणि पोटात काय, तर "रात्री हलकं खातो" म्हणून अर्धी भाकरी. पहाटे साखर उतरते. आई घाबरून साखरेचं पाणी, वर एक लाडू, वर दूध देते. मग पोहे आहेतच. १० वाजता २९४. मग दुपारी भात बंद, संध्याकाळी भूक, चिवडा... पूर्वी पुस्तकांत असं लिहिलेलं असायचं की लो नंतर शरीर आपोआप साखर उसळवतं. थोडं तसं होतही असेल, पण घरोघरी मी पाहतो ती उसळी बहुतेक भीतीपोटी खाल्लेल्या लाडवाची असते. म्हणून २९४ साठी औषध वाढवून घेऊ नका. पहाटेचा खड्डा बुजवा, २९४ बराचसा आपोआप उतरेल.

पण त्याआधी आकडे खरे आहेत का ते तपासा. आंबा, केळं सोलून किंवा चहात साखर घालून हात न धुता टोचलं तर पट्टी बोटावरची साखर मोजते. आंब्याच्या दिवसांत असे ३००-३०० चे आकडे मी कितीदा पाहिलेत. साबणाने हात धुवून पुसून घ्या, पहिला थेंब पुसून दुसरा वापरा. पट्ट्यांची डबी उघडी राहिली, दमट झाली की पट्ट्या बिघडतात. आणि चांगल्या मीटरलाही १५ टक्क्यांपर्यंतची चूक माफ आहे, तेव्हा १७० आणि १९० यांवरून घरात वाद घालू नका. ६२ आणि २९४ मधला फरक मात्र मीटरच्या माथी मारता येत नाही.

इन्सुलिन कुठे टोचता तेही पाहा. बेंबीच्या बाजूला तीच ती जागा वापरून कातडीखाली गाठ झाली असेल तर तिथलं इन्सुलिन एक दिवस शोषलं जातं, दुसऱ्या दिवशी नाही. हेलकाव्यांचं हे कारण इतकं साधं आहे की कुणी विचारतच नाही. वडिलांना पलंगावर आडवं करून पोटावरून हात फिरवा. गाठ लागली तर जागा बदला, पण डॉक्टरांना सांगून. चांगल्या जागी तोच डोस जास्त लागू पडतो आणि लो होऊ शकतो. पेनमधलं औषध दुधाळ असेल तर टोचण्याआधी ते तळहातांत घोळवावं लागतं. पारदर्शक असेल तर गरज नाही.

आणि उपवास. आपल्याकडे एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार, नवरात्र हे सगळं मधुमेहाच्या वहीत स्पष्ट दिसतं. सकाळी गोळी घेऊन दुपारपर्यंत काही नाही, मग ताटभर साबुदाणा खिचडी. साबुदाणा म्हणजे जवळपास शुद्ध स्टार्च. खड्डा आणि शिखर दोन्ही एकाच दिवशी. श्रद्धेच्या आड मी येत नाही. उपवास करायचाच असेल तर आधी विचारा, ग्लिमेपिराइडचा डोस त्या दिवसापुरता बदलून घेता येतो, खिचडीऐवजी थोडी वऱ्याची भगर, दाण्याची आमटी, ताक असं दिवसभरात वाटून घेता येतं. कडकडीत निर्जळा मात्र अटॅक येऊन गेलेल्या, इन्सुलिनवर असलेल्या माणसाने करू नये. इथे मी ठाम आहे.

डॉक्टरांशी काय बोलायचं? इन्सुलिनचा वा गोळीचा डोस घरी स्वतः बदलू नका, पण पुढच्या तारखेची वाटही पाहू नका, या आठवड्यातच जा. पहाटेचे लो असे सापडले की मी सहसा झोपतानाचं इन्सुलिन १० ते २० टक्के कमी करतो किंवा संध्याकाळची ग्लिमेपिराइड काढतो. किडनी मंदावली असेल तर दोन्ही. ही एकत्र गोळी असल्यामुळे एकच घटक कमी करता येत नाही, ती सोडवून वेगवेगळ्या गोळ्या कराव्या लागतील. रुग्णांना हे आवडत नाही, एका गोळीच्या तीन होतात. पण तीन औषधं एका गोळीत बांधून ठेवणं म्हणजे तिन्ही बैलांना एकच कासरा.

दुसरा विषय काढा तो एसजीएलटी-२ गटाच्या गोळ्यांचा, म्हणजे एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन. २०१५ च्या एम्पा-रेग चाचणीत हृदय वा रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या ७,०२० मधुमेहींत एम्पाग्लिफ्लोझिनने हृदयविकाराचे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी झाले, आणि तेही एचबीएवनसीत फारसा फरक न पडता. म्हणजे फायदा निव्वळ साखर उतरल्याचा नव्हता. ही गोळी एकटी असताना सहसा लो करत नाही. २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचं भारतातलं पेटंट संपल्यावर तिची किंमतही बरीच उतरली. लघवीच्या जागी बुरशीची खाज येऊ शकते, उलट्या-जुलाबांत, कडक उपवासात आणि ठरलेल्या ऑपरेशनच्या ३ दिवस आधी ती थांबवावी लागते. तुमच्या वडिलांना चालेल की नाही ते किडनी आणि एकूण प्रकृती पाहून ठरेल, पण अटॅक येऊन गेलेल्या मधुमेह्याच्या यादीत ती का नाही हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

लक्ष्य काय ठेवायचं? मी तुमच्या वडिलांसाठी एचबीएवनसी ७ ते ७.५ वर खूश असेन, प्रकृती आणखी नाजूक असेल तर ८ पर्यंतही. झोपताना १०० च्या खाली नको. सेन्सर लावला तर ७० ते १८० मध्ये दिवसाचा किमान निम्मा वेळ आणि ७० च्या खाली १ टक्क्याहूनही कमी, म्हणजे २४ तासांत १५ मिनिटांच्या आत. वयस्क आणि जोखमीच्या रुग्णांसाठी हेच माप सध्या जगभर धरतात. १४ दिवसांचा सेन्सर एकदा लावून पाहण्यासारखा आहे, रात्रीचं चित्र तोच दाखवतो. फक्त एक: वडील सेन्सर लावलेल्या दंडावर झोपले तर दाबामुळे तो खोटाच लो दाखवतो. शंका आली तर बोट टोचून खात्री करा.

सेन्सर परवडत नसेल तर आठवड्यातून दोनदा रात्री ३ चा गजर लावून एक पट्टी खर्च करा. रोज सकाळी उपाशीपोटी मोजलेल्या सात पट्ट्यांपेक्षा ती एक जास्त सांगते.

जेवणात एवढंच, की ताटात तेच ठेवा, क्रम आणि वेळ बदला. आधी भाजी, कोशिंबीर, वरण, मग भात-भाकरी. रोजची वेळ ठरलेली. जेवल्यावर शतपावली चांगली, पण ती शतपावलीच असू द्या. भरल्या पोटी झपझप चालल्याने हृदयरुग्णाच्या छातीत दुखू शकतं.

आणि ओल्या बनियनबद्दल नीट ऐका, कारण इथे चूक महाग पडते. घाम लो शुगरमध्ये येतो तसाच अटॅकमध्येही येतो, आणि मधुमेह्याला अटॅक छातीत न दुखताही येतो. घाम दिसला की लगेच मोजा. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. ग्लुकोज पावडरच, घरची साखर नव्हे. वडिलांच्या गोळीत व्होग्लिबोज आहे आणि ते आतड्यात साध्या साखरेचं विघटनच अडवतं. साखर-पाणी पोटात जाईल, पण रक्तात वेळेवर पोहोचणार नाही. लाडू, पेढा, चॉकलेट तुपामुळे आणखी उशीर करतात. १५ ग्रॅम म्हणजे किती ते एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून त्या मापाच्या पुड्या करून उशाशी ठेवा. साखर वर आली तरी घाम थांबला नाही, किंवा साखर मुळात ठीकच होती, किंवा दम लागतोय, जबडा, खांदा, पोटाचा वरचा भाग दुखतोय, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा आणि ईसीजी काढा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. हिरड्यांना थोडा मध चोळणारे असतात, पण त्यात वेळ घालवण्यापेक्षा गाडी बोलवा.

तपासणीला जाताना वही घेऊन जा, इन्सुलिनचं पेन आणि गोळ्यांची पाकिटंही न्या. आणि आईलाही न्या. पहाटे घाम येतो हे बाबा स्वतः सांगणार नाहीत.